भाल्याचं बळ काठीत

वस्तुसंग्रहालयाच्या शस्त्रदालनात गर्दी असते ती तलवारींपाशी. भाले भिंतीला टेकून उभे. पण शतकानुशतकं साध्या शिपायाच्या हाती असायचा तो बहुतेक भालाच. याचं पहिलं कारण लोखंड. तलवारीचं लांब पातं वाकता कामा नये आणि तुटताही कामा नये, त्यात लोहाराचा कस लागतो. भाल्याला वीतभर फाळ पुरतो. उरलेलं काम काठीचं.

मला तर खरं नवल या काठीचंच वाटतं. जर्मनीत श्योनिंगेनच्या कोळसा खाणीत 1990च्या दशकात घोड्यांच्या हाडांबरोबर लाकडी भाले सापडले, किमान 2 लाख वर्षांपूर्वीचे. त्यांना दगडाचं पातंही नाही, नुसतं तासलेलं लाकूड. बहुतेक भाले स्प्रूसच्या झाडाचे, तेही सावकाश वाढलेल्या, म्हणजे वर्षवलयं दाट असलेल्या. टोक काढलंय बुंध्याकडून, कारण तिथलं लाकूड कठीण. आणि तेसुद्धा अगदी मधोमध नाही! खोडातला मऊ गाभा टोकावर येऊ नये म्हणून ते जरासं बाजूला सरकवलंय. एवढी लाकडाची पारख त्या माणसांना होती, आधुनिक मानव युरोपात स्थिरावण्याच्या कितीतरी आधी.

काठी लांब, तितका शत्रू लांब. पण त्याच जाडीची काठी दुप्पट लांब करून एका टोकाला पक्की धरली, तर दुसरं टोक स्वतःच्याच वजनानं सोळापट जास्त झुकतं. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाच्या सैन्यातली ‘सारिसा’ 5 मीटरच्या आसपास होती. ती पेलायला दोन्ही हात लागत. मागच्या रांगांचेही फाळ पुढच्या शिपायाच्या पुढे येत, त्यामुळे समोरून शिरायला वावच नसे. मात्र इ.स.पू. 168 मध्ये पिडनाच्या लढाईत उंचसखल जमिनीवर रांगा फाटल्या. फटींतून रोमन शिपाई आत घुसले आणि अंगाशी आलेल्या माणसापुढे ती लांबलचक काठी अडचणच ठरली.

आपल्याकडे बांबू होता. काठी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरावर येतो, आणि बांबूचे चिवट धागे नेमके तिथंच दाट असतात. त्यातही मानवेल जवळजवळ भरीव. घोडदळातल्या भाल्यांना असाच बांबू पसंत. मराठ्यांच्या ‘विटा’ या भाल्याला दोरी असे, फेकलेलं शस्त्र तिनं परत ओढून घेता येई. सरावाला फाळाच्या जागी कापडाचा बोंडा बांधलेली बोथाटी. घोडा दौडत असताना स्वार तीच काठी तोलायला शिके.