लिलावाची जमीन : स्वस्त पडते की महाग?



उसाचे बिल खात्यावर पडले की आपल्या उमापूर भागात जमीन घेण्याच्या गोष्टी निघतात. पारावर कुणीतरी हळूच सांगतो, "थकबाकीची जमीन आहे, तहसीलचा लिलाव आहे, निम्म्या दरात येईल." ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. पण त्याच गावात असाही एक खातेदार असतो की, ज्याच्या घरी नोटीस येऊन पडलेली असते आणि त्याने ती न वाचताच फळीवरच्या डब्यात ठेवून दिलेली असते. हा लेख दोघांसाठीही आहे. घेणाऱ्याने काय पाहावे आणि ज्याची जमीन चालली आहे त्याने ती कशी सोडवावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

पहिला हक्क सरकारचा

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. त्याआधी मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनचा हैदराबादचा महसूल कायदा चालत होता. संहितेच्या कलम १६९ प्रमाणे जमिनीवरच्या महसुलाच्या बाकीचा बोजा इतर सर्व देण्यांच्या आधी येतो. सावकार, बँक, सोसायटी सगळे त्याच्या मागे.

तुम्ही म्हणाल, शेतसारा तो केवढा! चार रुपयांसाठी कुणाची जमीन जाते? खरे आहे. पण नुसता शेतसाराच या वाटेने वसूल होतो असे नाही. कालव्याची पाणीपट्टी, तगाई, कायद्याने ठरलेली आणखी कितीतरी देणी "जमीन महसुलाची थकबाकी म्हणून" वसूल करता येतात. जायकवाडीच्या उजव्या कालव्याखालच्या सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. लहान बाकीवर व्याज आणि दंड चढत जातो. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण पैसे साठवण्यापुरतीच खरी नाही, कर्जालाही ती लागू पडते.

लिलाव कसा होतो

आधी मागणीची नोटीस येते. बाकी भरली नाही तर जप्ती होते. मग लिलावाचा जाहीरनामा निघतो. जाहीरनामा लावल्यापासून निदान तीस दिवस गेल्याशिवाय जमिनीचा लिलाव करता येत नाही. बोली ज्याच्या नावावर सुटते त्याने पंचवीस टक्के रक्कम जागेवर भरायची असते. ती भरली नाही तर जमीन पुन्हा लिलावाला निघते.

येथे पुष्कळांची एक समजूत चुकते. हातोडा पडला म्हणजे जमीन आपली झाली, असे नाही. विक्री कायम होईपर्यंत आणखी तीस दिवस जावे लागतात. या तीस दिवसांत मूळ मालकाने सगळी बाकी भरली आणि खरेदीदाराला द्यायची म्हणून बोलीच्या पाच टक्के रक्कम वर ठेवली, तर लिलाव रद्द होतो. लिलावात गंभीर चूक किंवा लबाडी झाली आणि त्यामुळे नुकसान झाले, तर त्याचीही तक्रार याच मुदतीत करता येते.

घेणाऱ्याने काय पाहावे

पहिले, सातबाऱ्यावरचा "इतर हक्क" हा रकाना वाचावा. महसुलाची बाकी ज्या जमिनीवर आहे ती सोडून थकबाकीदाराची दुसरी जमीन विकली जाते, तेव्हा विकला जातो तो फक्त त्याचा स्वतःचा हक्क. त्या जमिनीवर बँकेचे गहाण असेल किंवा भावाबहिणींचा हिस्सा असेल, तर ते लिलावाने पुसले जात नाही. स्वस्तात घेतलेली जमीन मग दिवाणी कोर्टात महाग पडते.

दुसरे, भोगवटादार वर्ग २ ची जमीन असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. तिसरे, जुने फेरफार काढून पाहावेत. चौथे, शिवारात जाऊन ताबा कुणाचा, विहीर कुणाची, वाट कुठून, हे शेजाऱ्याला विचारावे. कागद तहसीलमध्ये मिळतो, पण भांडण बांधावर असते.

नाममात्र बोलीची गोष्ट

बोली लावायला कुणीच आले नाही तर? कलम २२० प्रमाणे सरकार नाममात्र बोलीवर ती जमीन स्वतः घेऊ शकते. सरकारजमा झालेल्या अशा जमिनींना आपल्याकडे "आकारी पड" म्हणतात. बाकी आणि व्याज भरून त्या सोडवायला बारा वर्षांची मुदत होती. ती टळली की वाट बंद. पुष्कळ ठिकाणी कागदावर सरकार आणि नांगर मात्र मूळ मालकाच्या नातवाचा, अशी स्थिती राहिली. ना कर्ज मिळे, ना जमीन नावावर होई. जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुदत टळलेल्या अशा जमिनी बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के रक्कम घेऊन मूळ खातेदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देण्याचा निर्णय घेतला. त्या वेळचा आकडा राज्यभरात ९६३ शेतकरी आणि ४,८४९ एकर असा होता. आपल्या कुणाच्या घरात असा जुना कागद असेल तर त्याने तहसील कार्यालयात चौकशी करावी.

अमेरिकेतही हेच

अमेरिकेत घरपट्टी थकली की काही राज्यांत ती थकबाकीच लोकांना विकतात. फ्लोरिडात अशा दाखल्यावर अठरा टक्क्यांपासून व्याजाची बोली खाली उतरत जाते. जो कमी व्याज घ्यायला तयार होईल त्याला दाखला. आपल्याकडे तहसील अशी थकबाकी विकत नाही. तेव्हा "सरकारी बाकी विकत घ्या, व्याज मिळवा" असे सांगत कुणी दारात आला तर त्याला पाणी पाजून परत पाठवावे.

तिकडचा एक निकाल मात्र आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. मिनेसोटा राज्यात जेराल्डाइन टायलर या वृद्ध बाईंची सुमारे २,३०० डॉलरची घरपट्टी थकली. व्याज-दंडासह ती १५,००० झाली. हेनेपिन काउंटीने घर ४०,००० ला विकले आणि वरचे २५,००० स्वतःकडेच ठेवले. २५ मे २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, देण्यापेक्षा जास्त घेणे बरोबर नाही. बाई तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. आपल्या संहितेतही लिलावातून बाकी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची असते. ती मागून घ्यायला लाजू नये. ती भीक नव्हे, आपल्याच मातीची किंमत आहे.

दुधारी हत्यार

हा कायदा आपल्यावरच उगारलेला आहे असे समजू नका. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे कारखान्याने ऊस आल्यापासून चौदा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पंधरा टक्के व्याज लागते आणि साखर आयुक्तांच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती रक्कम कारखान्याकडून महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात. ज्या वाटेने आपली पाणीपट्टी वसूल होते, त्याच वाटेने आपले उसाचे पैसेही वसूल होतात.

तेव्हा सभासदांनो, मार्चअखेरची वाट न पाहता आपला आठ-अ आणि सातबारा काढा, पाणीपट्टीची पावती जपून ठेवा. नोटीस आली तर ती त्याच दिवशी वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या आणि तारीख लिहून ठेवा. तीस दिवस हे फार नसतात, पण तेवढ्यात जमीन वाचवता येते.