सबनीस, फडणीस, चिटणीस : आडनावामागील अधिकार

मावळ तालुक्यात पवनेच्या खोऱ्यात तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याशी तिकोणा पेठ नावाचे गाव आहे. नावात दोन शब्द आहेत आणि दोन्ही बोलके आहेत. पहिला किल्ल्याच्या तिकोनी आकाराचा. दुसरा त्या किल्ल्यावर राहणाऱ्या माणसांना मीठमिरची, कापडचोपड पुरविणाऱ्या बाजाराचा. किल्ल्याची शिबंदी केव्हाच उठली, पेठेचे नाव मात्र गावाला चिकटून राहिले. माणसांच्या आडनावांचेही पुष्कळदा असेच झालेले आहे. काम संपले, कामाचे नाव राहिले. त्यातील एका वर्गाविषयी, म्हणजे ज्यांच्या शेवटी ‘नीस’ येते त्या आडनावांविषयी, आम्ही येथे चार शब्द लिहिणार आहो. कारण या नावांवरून विवाहसंबंध जुळविताना घरोघर जे गैरसमज होतात ते आम्ही वारंवार पाहिले आहेत.

प्रथम किल्ल्यावरच जाऊ. १६६५ साली पुरंदरच्या तहान्वये शिवछत्रपतींनी जे तेवीस किल्ले मोगलांस दिले त्यांत लोहगड, विसापूर, तुंग यांच्याबरोबर तिकोणाही होता. पुढे तो परत स्वराज्यात आला आणि १८१८ साली पेशवाईबरोबर इंग्रजांकडे गेला. धनी असे बदलले तरी किल्ला चालविण्यास लागणारी माणसे ठरलेली असत. हवालदार हा मुख्य. किल्ल्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. सरनोबताकडे शिपायांची देखरेख. सबनीस हजेरी आणि एकंदर हिशेब लिही. कारखानिसाच्या ताब्यात धान्य, दारूगोळा आणि इतर सामान असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस कृष्णाजी अनंत सभासद याने जी बखर लिहिली तीत ही व्यवस्था दिली असून हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू अशी योजना असल्याचे सांगितले आहे. हेतू उघड आहे. किल्ला फितुरीने जाऊ नये म्हणून कारभार एकाच्या हाती ठेवावयाचा नाही, आणि त्या एकाचे सारे भाऊबंदही त्याच किल्ल्यावर जमू द्यावयाचे नाहीत. अठराव्या शतकाच्या आरंभीचे रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ याहून पुढे जाते आणि किल्ल्यावरील हे अधिकारी ठरावीक वर्षांनी बदलीत जावे असा दंडक घालून देते. बदलीचा हा दंडक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता शब्दाकडे वळू. ‘नीस’ हे ‘नवीस’ या फारसी शब्दाचे मराठी जिभेने झिजविलेले रूप. नवीस म्हणजे लिहिणारा. चिठ्ठ्या लिहितो तो चिटणीस, जमेचा हिशेब लिहितो तो जमेनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवतो तो पोतनीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळतो तो पारसनीस, घडलेल्या गोष्टींची टिपणे ठेवतो तो वाकनीस. फडणिसाविषयी मात्र दोन मते ऐकू येतात. कोणी ‘फड’ म्हणजे कचेरी यावरून तो शब्द लावतात, कोणी हिशेबाचे कागद या अर्थाच्या ‘फर्द’ या फारसी शब्दावरून. आम्हास दुसरे मत अधिक पटते, कारण या मालिकेतील बाकीच्या नावांचा पूर्वार्ध बहुधा लिहिण्याच्या विषयाचा आहे, लिहिण्याच्या जागेचा नव्हे. ‘फडणवीस’ हे न झिजलेले पूर्ण रूपही काही घराण्यांनी जतन केले असून २०१४ सालापासून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदामुळे ते सर्वतोमुखी झाले आहे.

आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्या माणसास येथे एका गोष्टीचे मोठे कौतुक वाटते. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा अधिकारांची फारसी नावे टाकून संस्कृत नावे देण्यात आली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री आणि डबीर सुमंत झाला. दरबारी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द पुरविणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही त्याच सुमारास तयार झाला. तरी लोकांच्या तोंडी टिकले कोणते? थोरल्या पदांपैकी काही संस्कृत नावे टिकली. पवनमावळ हा ज्या भोर संस्थानाचा एक तालुका होता त्याचे अधिपती १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत पंतसचिव म्हणूनच ओळखले जात. औंधचे पंतप्रतिनिधी, बावड्याचे पंत अमात्य हीही त्याच जातीची नावे. पण कचेरीत आणि किल्ल्यावर रोज लेखणी चालविणारा फारसीच राहिला. कोशात शब्द घातल्याने तो तोंडात बसतोच असे नाही, हे आम्ही शाळेतही पुष्कळ वेळा अनुभविले आहे.

ही पदे आडनावे झाली कशी? जुने कागद पाहावे. सतराव्या शतकातील मोठमोठी माणसे त्यांत पुष्कळदा आडनावाने येत नाहीत. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि लागल्यास अधिकार, एवढ्यावर काम भागते. निळो सोनदेव, दत्ताजी त्रिंबक, बाळाजी आवजी अशीच ही नावे. वर उल्लेखिलेला बखरकार कृष्णाजी अनंत. त्याला जोडून येणारे ‘सभासद’ हे त्याचे दरबारातील स्थान होय. पुढे अधिकार बापाकडून मुलाकडे वंशपरंपरेने जाऊ लागले तेव्हा अधिकाराचे नाव घराला चिकटले. बाळाजी आवजी चिटणीस होता. त्याच्या वंशात मल्हार रामराव झाला तो चिटणीस या आडनावानेच बखरकार म्हणून प्रसिद्ध आहे. पेशव्यांचे मूळ उपनाव भट, श्रीवर्धनची देशमुखी त्यांच्याकडे; पण त्यांना भट म्हणून आज कोण ओळखतो? नाना फडणीस (१७४२–१८००) यांचे नाव बाळाजी जनार्दन, उपनाव भानू. फडणिशी भानूंच्या घरात आली म्हणून ते घर फडणीस झाले. ज्या भानूंकडे ती आली नाही ते भानूच राहिले. एकाच मुळाच्या दोन फांद्या दोन नावांनी वाढल्या, हे येथे विशेष लक्षात घ्यावे.

इंग्रजी अमलात शाळेचा पट, कोर्टाचे समन्स आणि नोकरीचे पुस्तक यांना प्रत्येक माणसाचे आडनाव हवे असे. त्या दिवशी घरात जे नाव चालू होते ते कायमचे झाले. वडील भाऊ हुद्द्याने ओळखला जाई आणि धाकटा दुसऱ्या गावी जाऊन त्या गावाचा ‘कर’ झाला, तर दोघांची मुले पटावर दोन आडनावांनी लागली.

आता या नावांची माणसे किती, असे कोणी विचारील. जनगणनेच्या छापील कोष्टकांत आडनावांचे रकाने नसतात. तथापि थोड्या विचाराने एक गोष्ट स्पष्ट दिसते. एखाद्या आडनावाची माणसे थोडी की फार, हे पुष्कळ अंशी त्या नावाच्या जागा जुन्या राज्यात किती होत्या यावर अवलंबून आहे. कुलकर्णी प्रत्येक गावास लागे, म्हणून कुलकर्णी ही महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जागोजाग आढळतात. देशपांडे परगण्यास लागे आणि एका परगण्यात पुष्कळ गावे. म्हणून देशपांडे कुलकर्ण्यांहून कमी, तरी भरपूर. सबनीस किल्ल्यास वा एखाद्या लष्करी पथकास लागे. किल्ले शेकड्यांनी मोजण्याजोगे, गावे हजारांनी. पारसनीस तर दरबारी माणूस, त्याच्या जागा अगदीच मोजक्या. कोणत्याही शहरातील मतदारांची यादी वाचकांनी या दृष्टीने चाळून पाहावी; जुन्या राज्याची उतरंड तीत उलटी मांडलेली दिसेल, तळाच्या अधिकाराची माणसे सर्वांत पुष्कळ.

यावर आणखी एक बारकावा आहे. कुलकर्ण हे वतन. ते एका गावात एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या राही, म्हणून एका गावचे मूळ कुलकर्णी बहुधा एकमेकांचे भाऊबंद निघतात. सबनिशी ही मुळात नोकरी, आणि तीही बदलीची. तिकोण्यावर एकामागून एक सबनीस आले ते निरनिराळ्या गावचे, निरनिराळ्या घरचे. एका किल्ल्याचा सबनीस आणि दुसऱ्या किल्ल्याचा सबनीस यांच्यात दौतलेखणीखेरीज समान असे काही असण्याचे कारण नाही. म्हणूनच आज देशस्थांत सबनीस आहेत, सारस्वतांत आहेत, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही आहेत. सावंतवाडीस सबनीसवाडा नावाची वस्तीच आहे. फडणीस आणि चिटणीस यांचीही तीच कथा. सभासदाने सांगितलेली जातवार वाटणी पुढे सर्वत्र जशीच्या तशी राहिली नाही, हे या नावांवरूनही ताडता येते.

आमच्या परिचयातील एका घरी मुलीसाठी स्थळ आले. मुलगा शिकलेला, घर चांगले, पत्रिका जुळली. घरातील वडीलधाऱ्यांनी एका शब्दात नकार दिला : ‘आडनाव एकच. भाऊबंदांत मुलगी देतात काय?’ दोन्ही घरची गोत्रे निराळी, कुलदैवते निराळी, मूळ गावांत शेकडो मैलांचे अंतर. समजावून सांगूनही उपयोग झाला नाही, स्थळ गेले. याच्या उलट दुसऱ्या एका ठिकाणी आडनावे भिन्न म्हणून कोणी चौकशीच केली नाही. साखरपुड्याच्या सुमारास एका वृद्ध आत्याबाईंनी सांगितले की दोघांचे पणजे चुलतभाऊ होते. पहिल्या घरी भीती नव्हती तेथे ती धरली, दुसऱ्या घरी विचारावयास हवे होते ते विचारले नाही. दोन्हीकडे भरवसा ठेवला तो आडनावावर.

वस्तुतः धर्मशास्त्राने वधूवरांविषयी जे निर्बंध घातले त्यांत आडनाव कोठेच नाही. गोत्र आणि प्रवर पाहावे, आणि सापिंड्य पाहावे, म्हणजे पित्याकडून सातवी आणि मातेकडून पाचवी पिढी टळली की नाही ते मोजावे, असा स्मृतिकारांचा दंडक. स्मृतिकारांच्या काळी फडणीसही नव्हते आणि सबनीसही नव्हते. कायद्याने पुढे यातील अर्धा भाग सैल केला. सगोत्र आणि सप्रवर विवाह १९४६ च्या कायद्याने वैध ठरले. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सापिंड्य राखले, पण पित्याकडून पाच व मातेकडून तीन पिढ्यांपुरते. आणि रूढी असेल तेथे त्यासही अपवाद ठेवला. गोत्राचा निर्बंध ज्या घरांस अद्याप पाळावयाचा असेल त्यांनी तो अवश्य पाळावा, त्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण मुलीचे वय आणि मुलाचा पगार विचारतो तितक्या आस्थेने मूळ उपनाव, मूळ गाव आणि चार पिढ्यांची नावे विचारावीत. आणि मातेकडील पिढ्या विचारण्यास तर विसरूच नये. माहेरचे आडनाव लग्नाबरोबर मागे राहते, रक्त राहत नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडीलच आहे असे नव्हे. मजमू म्हणजे एकत्रित हिशेब, तो ठेवणारा मजमूदार. मुसलमानी अमलात ही जागा जेथे जेथे होती तेथे तेथे तिचे आडनाव झाले : आपल्याकडे मुजुमदार, गुजराथेत मजमुदार, बंगाल्यात मजुमदार. पुण्याचा मुजुमदार आणि कलकत्त्याचा मजुमदार यांना कोणी भाऊबंद म्हणत नाही, कारण भाषा निराळी दिसते. सोलापूरचा सबनीस आणि सावंतवाडीचा सबनीस यांना मात्र म्हणतात. स्कॉटलंडात राजवाड्याचा कारभारी या अर्थाच्या ‘स्टुअर्ड’ या हुद्द्यावरून स्टुअर्ट हे घराणे निघाले आणि १३७१ साली त्याच घराण्याचा पुरुष तेथील राजा झाला. आपल्या पेशव्यांची आठवण यावी असाच हा वृत्तान्त आहे.

वतने आता उरली नाहीत. परगणे व कुलकर्ण वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि तलाठी आला. तलाठी हे आडनाव होण्याचा संभव नाही, कारण आता मुलाला बापाची जागा मिळत नाही. तेव्हा या नावांची पुढे भर पडावयाची ती केवळ संततीने.

ज्यांना आपल्या घराचा मूळ पत्ता लावावयाचा असेल त्यांनी पुढील वाट धरावी. प्रथम घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. कुलदेवतेचे ठिकाण, कुलाचार आणि जुन्या सोयरिकी त्यांच्या स्मरणात पुरुषांपेक्षा अधिक असतात. नंतर माळ्यावरील रुमालात मोडी कागद असतील ते जाणत्याकडून वाचवून घ्यावेत. मोडी येणारी माणसे आता थोडी राहिली असली तरी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी केल्यास मार्ग सापडतो. कित्येक घराण्यांचे कुलवृत्तान्त छापून निघाले आहेत, त्यांत आपल्या उपनावाचा आहे काय ते पाहावे. आणि नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथे जाणे झाले तर आपल्या तीर्थोपाध्यायांची वही उघडावयास सांगावी. यात्रेस आलेल्या पूर्वजांनी आपले नाव, पित्याचे व आजाचे नाव, भावांची नावे आणि गाव त्यांत लिहून ठेवलेले असते, पुष्कळदा स्वहस्ताक्षरात. मात्र उपाध्याय प्रथम गाव विचारतात, आडनाव मागाहून. तेव्हा मूळ गावाचे नाव घरून विचारून जावे.