काचेतला समुद्र : आधी पाणी, मग मासे



हल्ली गटाच्या बैठकीत एक व्हिडिओ या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत असतो. काचेची टाकी, निळसर उजेड, आत रंगीबेरंगी प्रवाळ आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे. तो बघितला की दोन प्रश्न येतात. हे आपल्या घरी जमेल का? आणि गटाने कर्ज काढून याचा धंदा करावा का?

आज या दोन्ही प्रश्नांवर बोलू. उत्तर आधीच सांगून ठेवतो. खाऱ्या पाण्याची छोटी टाकी आपल्याकडे, समुद्रापासून इतक्या लांब, चंद्रपूर-गडचिरोलीतही जमते. पण प्रवाळ आणायचे नाहीत, आणि पाणी तयार होण्याआधी मासे आणायचे नाहीत. या दोन गोष्टी पाळल्या नाहीत तर पैसा पाण्यात गेला म्हणून समजा.

प्रवाळ म्हणजे काय, आणि का नको?

प्रवाळ झाडासारखं दिसतं, हाताला दगडासारखं लागतं, पण ते प्राणी असतात. हजारो बारीक जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि बहुतेक जातींत प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. कोरपना-राजुरा भागातला सिमेंटला लागणारा चुनखडी दगड आपण रोज बघतो. प्रवाळाचं घर त्याच पदार्थाचं असतं. आपला तो दगडही अतिप्राचीन काळी समुद्राच्या तळाशीच साचला. आज जिथे खाणी आहेत, तिथे एके काळी समुद्र होता.

प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि आपल्या घरमालकाला देतं. हा संसार फार नाजूक आहे. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर शेवाळ निघून जातं. प्रवाळ पांढरं पडतं आणि पुढे उपाशी मरतं. समुद्रात हे होतं, तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्या गावात काय होईल, याचा विचार करा.

दुसरं कारण कायद्याचं. ताडोबाचा वाघ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. २००१ पासून दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखेही त्याच अनुसूचीत आहेत. जिवंतच नव्हे, वाळलेलं प्रवाळही बाळगता येत नाही. गुन्हा सिद्ध झाला तर शिक्षा किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं. शहरातली काही दुकानं ‘लाइव्ह रॉक’ म्हणून समुद्रातले दगड विकतात. ते बहुतेक मेलेल्या प्रवाळाचेच असतात. दुकानदाराने बिल दिलं म्हणून ते कायदेशीर होत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत, आणि तिथे १९८७ मध्ये सागरी अभयारण्य झालं. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचं मोठं प्रवाळाचं पठार आहे. ते तिथेच राहू द्यावेत.

मग टाकीत ठेवायचं काय?

कवेलू! जुन्या घराची कवेलू उतरवली की ढीग परसात पडलेला असतो. बिनझिलईची भाजलेली माती सच्छिद्र असते. पाणी साफ ठेवणारे सूक्ष्म जिवाणू त्या छिद्रांत घर करतात, आणि समुद्रात प्रवाळाचे खडक माशांना जो आडोसा देतात, तो इथे कवेलूच्या कमानी देतात. क्लाउनफिशची पैदास करणारी केंद्रंही अंडी घालायला मातीचे तुकडे आणि कुंड्याच ठेवतात. कवेलू ब्रशने घासा, आठ दिवस पाणी बदलत भिजत ठेवा, मग एकमेकांवर आडवी-उभी रचा. रंग लावलेली किंवा डांबर लागलेली कवेलू घेऊ नका.

मासा घ्यायचा तो क्लाउनफिश, व्हिडिओतला नारिंगी-पांढरा तोच. पण समुद्रातून पकडलेला नको, केंद्रात जन्मलेला मागा. आपल्या देशात सरकारी संशोधन संस्थांनी याची पैदास बसवली आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर तर महिलांनी प्रशिक्षण घेऊन शोभेचे समुद्री मासे आणि झिंगे वाढवायला घेतले आहेत. टाकीत जन्मलेला मासा टाकीतल्या जगण्याला सरावलेला असतो, कोरडं खाद्य लगेच घेतो, आणि त्याच्यासाठी समुद्रातला एकही खडक फोडावा लागत नाही.

या माशाच्या घरची रीत ऐकण्यासारखी आहे. सगळी पिल्लं आधी नरच असतात. कळपातला सर्वांत मोठा मासा मादी होतो आणि तीच घरची कारभारीण. ती मेली तर तिचा नर मादी होतो. अंडी मादी घालते, पण आठ-दहा दिवस पंखांनी वारा घालत ती राखतो नर. म्हणून दोन लहान पिल्लं एकदमच आणा. त्यांच्यात मोठी कोण, हे ती आपसात ठरवतात.

समुद्रात हा मासा समुद्रफुलाच्या झुबक्यात राहतो. टाकीत त्याला समुद्रफुलाची गरज पडत नाही. एखाद्या छोट्या कुंडीतही तो सुखाने राहतो.

आता वही-पेन घ्या

*टाकी.* दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच. कवेलू रचून, वर चार बोटं जागा सोडून साधारण ७० लिटर पाणी मावतं. काच, पाणी, कवेलू मिळून वजन क्विंटलभर होतं. धानाचं भरलेलं पोतं जिथे ठेवणार नाही, त्या टेबलावर टाकीही ठेवू नका. ऊन थेट पडेल अशी जागा नको.

*पाणी.* आपल्या भागात बऱ्याच विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात क्षार आणि फ्लोराइड जास्त असतं. म्हणून गावातल्या आरओ केंद्राचं पाणी घ्या. नळाचं घेतलं तर त्यात टीसीएल पावडरचा क्लोरीन असतो, आणि तो उडवण्यासाठी पाणी उघड्या टबात एक-दोन दिवस ठेवावं लागतं.

*मीठ.* स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. त्यात जवळपास एकच क्षार असतो, वर आयोडीन घातलेलं असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे अनेक क्षार असतात. मत्स्यालयासाठीचं तयार ‘सी सॉल्ट’ दुकानात मिळतं, तेच घ्या. एका लिटरला ३५ ग्रॅम, म्हणजे ७० लिटरला अडीच किलोच्या आसपास. प्लास्टिकच्या टबात कालवा, रात्रभर हवेचा पंप लावून ठेवा. सकाळी हायड्रोमीटरने मोजा, आकडा १.०२५ च्या जवळ हवा. तांब्या-पितळेचं भांडं या कामाला घेऊ नका. तांबं पाण्यात उतरलं तर झिंगे, गोगलगायीसारखे जीव मरतात. टाकीच्या बादलीला साबणही लावायचा नाही.

*यंत्रं.* हवेचा पंप आणि त्यावर चालणारा स्पंज फिल्टर, पाणी हलतं ठेवणारी छोटी मोटर, थर्मामीटर, थंडीसाठी हीटर आणि साधा एलईडी दिवा. पहिल्या वर्षी तळाला वाळूही घालू नका. साधा तळ असला की घाण दिसते आणि नळीने ओढून काढता येते.

पाण्याला विरजण

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येते. टाकी भरली, पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं, आणि घरातली पोरं म्हणतात, “आणा ना मासे!” आणू नका. दिसायला स्वच्छ असलेलं हे पाणी अजून जिवंत झालेलं नाही.

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विष आहे. एका प्रकारचे जिवाणू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते थोडंबहुत असलं तर चालतं, आणि पाणी बदलताना निघून जातं. हे दोन्ही जिवाणू नव्या टाकीत नसतात. दुधाचं दही व्हायला जसं विरजण आणि वेळ दोन्ही लागतं, तसंच हे.

विरजण म्हणून खाऱ्या पाण्याच्या चालू टाकीतला स्पंजचा तुकडा मिळाला तर उत्तम. नाहीतर बाटलीतले जिवाणू मिळतात. गोड्या पाण्याच्या टाकीतला स्पंज इथे नीट लागत नाही. मग रोज चिमूटभर मासळीचं खाद्य रिकाम्या टाकीत टाका, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अन्न मिळेल. दर तीन दिवसांनी तपासणी किटने मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. त्यामागून नायट्राइट चढेल, मग उतरेल. खाद्य टाकत असूनही दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले, की पाणी लागलं म्हणायचं. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, कधी जास्तही. घाईने आणलेले मासे बहुतेक पहिल्या पंधरवड्यातच मरतात, ते आजाराने नव्हे, या विषाने.

मासे आणल्यावर पिशवी आधी टाकीत तरंगत ठेवा. मग मासे पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत काढा आणि टाकीचं पाणी थोडं थोडं त्यात घालत तासाभराने सोडा. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच.

रोजची आणि आठवड्याची कामं

आमटी आटली की खारट होते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. टाकीचंही तसंच. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणून काचेवर खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत भर घाला, ती गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आठवड्यातून एकदा सात ते दहा लिटर पाणी काढून तितकंच नवं खारं पाणी घाला, आदल्या दिवशी कालवलेलं. काढलेलं पाणी परसबागेत किंवा बोडीत ओतू नका, मातीत मीठ बसलं की वांगी-मिरची येत नाही. ते मोरीतच सोडा.

पाणी २४ ते २८ अंशांत राहिलं पाहिजे. मातीच्या भिंतीची, कवेलूच्या छपराची खोली असेल तर टाकी तिथेच ठेवा. उन्हाळ्यात खोलीत कूलर आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर माठासारखंच पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. कोरड्या मे महिन्यात हा उपाय चांगला लागू पडतो. पंखा चालू असला की भर मात्र दोनदा घालावी लागते. वीज गेली तर मासे गुदमरतात, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधीच घेऊन ठेवा. वीज वारंवार तास न् तास जात असेल आणि घरी इन्व्हर्टर नसेल, तर खाऱ्या टाकीच्या भानगडीत पडू नका.

आणि गटाचा धंदा?

इथे आम्ही स्पष्ट बोलतो. कर्ज काढून खाऱ्या पाण्याच्या पाच-सहा टाक्या एकदम मांडू नका. मीठ, यंत्रं, मासे, सगळं बाहेरून येणार, गिऱ्हाईकही शहरातलं. एका उन्हाळ्यात एका रात्रीची वीज गेली तर हप्ता मात्र राहतो.

धंदाच करायचा असेल तर गोड्या पाण्यापासून सुरुवात करा. आरोग्य विभागाचे कर्मचारी डासांसाठी हौदात सोडतात ते गप्पी मासे आपल्या ओळखीचे आहेत. त्यांच्याच रंगीत जाती बाजारात विकल्या जातात. गप्पी साधारण महिन्याला पिल्लं देते, मॉलीही अंडी न घालता पिल्लंच देते. पाणी लागणं, जिवाणू, तपासणी, हे शास्त्र इथेही तेच, फक्त मिठाचा खर्च नाही. ढिवर समाजातल्या मैत्रिणींना पाण्याची, माशांची पिढीजात जाण आहे, त्यांना गटात पुढे करा. विकलेले किंवा नको झालेले शोभेचे मासे बोडीत, मामा तलावात कधीच सोडू नका. परके मासे गावच्या माशांचं खाणं आणि जागा हिरावतात.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत घराच्या परसात शोभेच्या माशांचं संगोपन हा घटक आहे. त्यासाठी एका केंद्राचा खर्च ३ लाख रुपयांपर्यंत धरलेला आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदान ठरलेलं आहे. एक रुपयाही खर्च करण्याआधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचारा : अर्ज सध्या घेतात का, अनुदान खर्चाआधी मिळतं की नंतर, आणि प्रशिक्षण कुठे आहे.

पुढच्या बैठकीत हे वाचून झालं की तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावात दिवसाला किती तास वीज जाते? आरओचं पाणी बारा महिने मिळतं का? आणि दोन महिने रिकाम्या टाकीची रोज नोंद ठेवायला गटातल्या कोण दोघी तयार आहेत? तिसऱ्या प्रश्नाला दोन नावं मिळाली, तर एक टाकी मांडून बघायला हरकत नाही. नाव मिळालं नाही, तर गटाचे पैसे गटातच राहू द्या.