१५ वर्षांचे काम, २३० मिनिटांचा पेपर

रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या समाजाचे असे घर विरळाच, ज्यातला एखादा माणूस आखातात नाही किंवा कधी गेला नव्हता. कोणी दुबईत, कोणी कुवेतला, कोणी दोहा किंवा दम्मामला. आमच्या घरातून भाईजान गेले. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली, दोन वर्षे इथल्याच एका ठेकेदाराकडे काढली आणि पुढची १५ वर्षे तिकडच्या बांधकामांवर. फोरमन म्हणून सुरुवात केली आणि साइट इन्चार्जपर्यंत पोहोचले. गोदामे बांधली, शाळेची इमारत बांधली, कामगारांच्या वसाहती उभ्या केल्या.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या वरची जागा रिकामी झाली. आता भाईजान प्रोजेक्ट मॅनेजर होणार, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. अम्मींनी तर शेजारी सांगूनही टाकले होते. जागा मिळाली ती भाईजानांपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या माणसाला. कारण विचारले तेव्हा वरिष्ठ एवढेच म्हणाले, ‘त्याच्याकडे पीएमपी आहे. तुमच्याकडे काय आहे?’

भाईजानांकडे १५ वर्षे होती. पण ती दाखवायची कशी? हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही, म्हणून हा लेख.

ही परीक्षा आहे तरी काय?

पीएमपी म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल. अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ मध्ये स्थापन झाली आणि १९८४ पासून ही परीक्षा घेते. बांधकाम, तेल-वायू, सॉफ्टवेअर, रुग्णालय अशा कोणत्याही क्षेत्रातल्या माणसाला ती देता येते. पेपर इंग्रजीत असतो. अरबीसह काही भाषांत प्रश्नांचे भाषांतर सोबत मिळते, मराठीत मिळत नाही.

यात ‘प्रकल्प’ या शब्दाचा अर्थ नेमका आहे. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे आणि ज्यातून काही वेगळे निर्माण होते, तो प्रकल्प. मिरकरवाडा बंदरात रोज होणारा माशांचा लिलाव प्रकल्प नव्हे. त्या बंदराचा धक्का बांधणे हा प्रकल्प. आपल्या अनुभवातले काय मोजले जाईल आणि काय नाही, हे या फरकावर ठरते.

भाईजानांनी अर्ज केला तेव्हाच्या नियमांप्रमाणे पदवीधराला प्रकल्प चालवण्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागत होता आणि पदविकाधारकाला ६० महिन्यांचा. तोही मागच्या आठ वर्षांतला. एकाच काळात दोन कामे केली असतील तर ते महिने दोनदा धरायचे नाहीत. त्याशिवाय ३५ तासांचे प्रशिक्षण. नियम आणि अभ्यासक्रम काही वर्षांनी बदलतात, म्हणून अर्ज करणाऱ्याने त्या दिवशीचे नियम संस्थेकडूनच पाहावेत. मित्राच्या जुन्या वहीवर विसंबू नये.

अर्जातच अर्धी परीक्षा

१५ वर्षे काम केलेल्या माणसाला ६० महिने म्हणजे किरकोळ, असे आम्हाला वाटले होते. भाईजान लिहायला बसले तेव्हा कळले की त्यांच्याकडे पगाराच्या पावत्या आहेत, व्हिसाचे शिक्के आहेत. पण कोणते काम कोणत्या महिन्यात सुरू झाले, किती माणसे हाताखाली होती, काम मुदतीत झाले की नाही, यातले काहीही लिहिलेले नाही. आठवेल तसे मांडले तर ५१ महिने भरले. नऊ कमी.

तेव्हा एका ओळखीच्या माणसाने सुचवले की अनुभवाचा कागद करून देतो, अमुक इतके पैसे पडतील, सगळेच करतात. त्या रात्री फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अब्बा म्हणाले, ‘तू बांधलेल्या इमारतीत लोक राहतात, ते तुझ्या शब्दावर. उद्या तूच खोट्या कागदावर उभा राहिलास तर?’ विषय तिथेच संपला. नैतिकतेची बाजू क्षणभर दूर ठेवली तरी व्यवहारातही तो मार्ग धोक्याचा आहे. संस्था काही अर्ज तपासणीसाठी निवडते, आणि मग अनुभवाच्या प्रत्येक नोंदीवर त्या कामाची माहिती असलेल्या माणसाची सही ९० दिवसांत द्यावी लागते.

नऊ महिने सापडले ते भाभींच्या फोनमध्ये. भाईजान साइटवरून घरी फोटो पाठवत असत: हे बघ जोते झाले, हा पहिला स्लॅब, हे मुलांच्या शाळेसारखेच वर्ग. भाभींनी एकही फोटो पुसला नव्हता. प्रत्येकावर तारीख होती. त्या तारखांवरून शाळेच्या इमारतीचा सगळा क्रम जुळला. तेव्हाचे इंजिनिअर आता दुसऱ्या देशात असतात; त्यांना शोधून विचारले आणि त्यांनी महिने बरोबर असल्याचे कळवले. अर्ज खऱ्या ६० महिन्यांवर गेला आणि मंजूर झाला.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार, लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याची ताकीद आहे. आपण ती मशिदीत ऐकतो, आणि आपल्याच आयुष्यभराच्या कामाचा हिशेब मात्र तोंडी ठेवतो.

अर्ज करताना आणखी एक अडचण आली, ती आपल्याकडे घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग एक, पासपोर्टवर दुसरे. परीक्षेच्या दिवशी दाखवायच्या ओळखपत्रावरचे नाव अर्जातल्या नावाशी तंतोतंत जुळावे लागते, नाहीतर आत सोडत नाहीत. भाईजानांनी सुरुवातीपासून पासपोर्टवरचेच नाव वापरले.

घराच्या हिशेबातून शिकलेले गणित

मंजुरी मिळाली की एक वर्षाची मुदत असते आणि त्यात तीनदा परीक्षा देता येते. भाईजान रजेवर आले. फजरच्या नमाजनंतर दोन तास आणि मुले झोपल्यावर दोन तास, असा अभ्यास सुरू झाला. त्यांना सर्वांत भीती होती ती आकडेमोडीची. ती आमच्याच गावातल्या घरामुळे गेली.

घराचे काम तेव्हा चालू होते. अंदाज ४० लाखांचा, मुदत आठ महिने, ऑक्टोबर ते मे. म्हणजे आगोटीपूर्वी छप्पर चढलेले हवे. जानेवारी संपला तेव्हा चार महिने झाले होते आणि २० लाख खर्च झाले होते. अर्धा वेळ, अर्धे पैसे. अब्बांसकट आम्ही सगळे खूश होतो. भाईजान वही घेऊन बसले आणि त्यांनी तिसराच आकडा विचारला: प्रत्यक्ष काम किती झाले? ठेकेदाराला सोबत घेऊन मोजले तर १०० पैकी ४० हिस्से.

म्हणजे २० लाखांत जे काम व्हायला हवे होते, त्यातले १६ लाखांचेच झाले होते. १६ भागिले २० म्हणजे ०.८. खर्च केलेल्या प्रत्येक रुपयातून ८० पैशांचे काम मिळत होते. याच गतीने गेलो तर ४० भागिले ०.८, म्हणजे घर ५० लाखांना पडणार. वेळेचेही तसेच: ठरलेले २० लाखांचे काम, झालेले १६ लाखांचे, पुन्हा ०.८. आठ महिन्यांचे काम दहा महिन्यांवर जाणार, म्हणजे ऐन पावसात. पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाले म्हणून काम ठरल्याप्रमाणे झाले असे होत नाही, हे आम्हा सगळ्यांना त्या दिवशी कळले. ठेकेदाराशी बोलून कामाचा क्रम बदलला, आतली फरशी आणि रंग पुढे ढकलले, आधी छप्पर घेतले. परीक्षेच्या पुस्तकात या हिशेबाला ‘अर्न्ड व्हॅल्यू’ म्हणतात. परदेशातून घरासाठी पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाने तो शिकून घ्यावा, परीक्षा द्यायची असो वा नसो.

दुसरी अडचण होती नव्या पद्धतीच्या प्रश्नांची. २०२१ च्या आराखड्यात साधारण अर्धे प्रश्न ‘अजाइल’ किंवा मिश्र पद्धतीवर होते. सॉफ्टवेअरमध्ये ती रोजची. बांधकामातल्या माणसाला परकी. आमची धाकटी बहीण पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने फोनवर समजावले: ‘पूल बांधताना आधी सगळा नकाशा लागतो, अर्धा पूल वापरून बघता येत नाही. पण रमजानमध्ये कोणी खाण्याची गाडी लावतो, तेव्हा पहिल्या दिवशी दोनच पदार्थ ठेवतो. लोकांनी काय उचलले ते बघतो आणि दुसऱ्या दिवशी यादी बदलतो. तेच अजाइल.’ भाईजान हसले आणि म्हणाले, ‘एवढे सोपे पुस्तकात का लिहीत नाहीत?’

कातळ आणि चिखल

परीक्षा घरी बसून ऑनलाइनही देता येते. पण बंद खोली, चालू कॅमेरा आणि न तुटणारे इंटरनेट लागते. विजेचा भरवसा नाही, म्हणून भाईजानांनी मुंबईचे केंद्र घेतले आणि आदल्या दिवशी गाडीने निघाले. तेव्हा पेपर १८० प्रश्नांचा होता, वेळ २३० मिनिटे. मध्ये दहा मिनिटांच्या दोन विश्रांती, ६० व्या आणि १२० व्या प्रश्नानंतर. विश्रांती घेतली की मागच्या भागातल्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो.

भाईजान नापास झाले.

किती गुण लागतात ते संस्था जाहीर करत नाही. कोणत्या विभागात आपण कुठे आहोत एवढेच कळवते. आकडेमोड आणि नियोजनाचा विभाग चांगला गेला होता. ‘माणसे’ या विभागात शेरा होता: सुधारणा हवी. त्या आराखड्यात या विभागाचा वाटा ४२ टक्के होता.

दुसऱ्या दिवशी घरी परतताना उक्षी मागे पडले आणि गाडी करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्यात शिरली, तेव्हा त्यांना अभ्यासात वाचलेले आठवले. कोकण रेल्वे कॉर्पोरेशन १९९० मध्ये स्थापन झाले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ७४१ किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पुरा करायचे ठरले होते. सगळा मार्ग खुला व्हायला १९९८ चा जानेवारी उजाडला. उशिराला कारणे अनेक, पण बोगद्यांत खरा छळ केला तो मऊ मातीने. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली. घरी आल्यावर भाईजान म्हणाले, ‘मी कातळाला घाबरत होतो. बुडालो चिखलात.’

हा चिखल कोणता, ते भाभींनी ओळखले. त्या रोज दहा प्रश्न वाचून दाखवू लागल्या. दोन कामगारांत भांडण झाले, आधी काय कराल? भाईजानांचे उत्तर ठरलेले: एकाला दुसऱ्या साइटवर पाठवा. मालकाने तोंडी सांगितले की दोन खोल्या वाढवा, आधी काय कराल? उत्तर: होय म्हणा, मोठा माणूस आहे. १५ वर्षे हेच केले होते आणि कामे झालीही होती. पण परीक्षा पुन्हा पुन्हा विचारते ते ‘आधी काय’. भांडणाऱ्यांना आधी समोरासमोर बसवून ऐकायचे. खोल्या वाढवण्याआधी पैसा, वेळ आणि दर्जा यांवर काय परिणाम होईल ते तपासायचे, मग लेखी मागणी, मग मंजुरी. एकदा भाभी म्हणाल्या, ‘घरातही तुम्ही आधी हुकूम देता, मग विचारता.’ आम्ही सगळे गप्प. भाईजानांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला.

पुढच्या रजेत, वर्षाची मुदत संपायच्या आत, ते पुन्हा मुंबईला गेले. या वेळी पास झाले. वरची जागा लगेच मिळाली असे नाही. दुसऱ्या एका कामावर उपव्यवस्थापक म्हणून त्यांचे नाव गेले आहे. प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांनी ६० तासांइतके शिक्षण दाखवावे लागते, म्हणजे वही मिटणार नाहीच.

आपल्या घरातला कोणी आज परदेशात साइटवर असेल तर त्याला हा लेख दाखवा. परीक्षा कधी द्यायची ते तो ठरवील. पण दर महिन्याच्या शेवटी चार ओळी आजपासूनच लिहायला सांगा: काम कोणते, सुरुवात कधी, माझ्या जबाबदारीत काय, कोणाच्या देखरेखीखाली. आणि त्याने पाठवलेले फोटो घरच्यांनी पुसू नयेत.