दगडांच्या मुलुखात आठ दिवस

"दगडच बघायचे तर त्यासाठी अमेरिका कशाला? आपल्या सह्याद्रीत काय दगड कमी आहेत?" बॅगा भरता भरता आमच्या सौ.नी हा प्रश्न टाकला आणि खरे सांगायचे तर मला त्याचे उत्तर देता आले नाही. चिरंजीव ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरी नोकरीला. जुलैअखेर त्यांना आठ दिवसांची रजा मिळाली होती आणि त्यांनी बेत कळवला होता : मोटारीने निघायचे, वाळवंटातल्या दऱ्या आणि शिळा पाहायच्या, आणि "बाबा, तुमचा कॅमेरा घेऊन या."

हा शेवटचा शब्द पडला आणि मी विरघळलो. माझा कॅमेरा म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचा जुना, फिल्म घालायचा. एका रोलात ३६ चित्रे, पुढे ठणठणाट. सूनबाईंनी हळूच सुचवून पाहिले, की हल्ली फोनवरसुद्धा चांगले फोटो येतात. मी ऐकले न ऐकलेसे केले आणि दहा रोल पिशवीत टाकले. सोबत ट्रायपॉडही घेतला. हा ट्रायपॉड पुढे काय प्रसंग आणणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

विष्णूचे देऊळ, अमेरिकेत!

पहिला मुक्काम ग्रँड कॅन्यनचा. फिनिक्सपासून चारएक तासांचा रस्ता. वाटेत उजाड माळ, मग पाइनची झाडे, आणि मग अचानक पायाखालची जमीन संपते. वाचकहो, ह्या दरीचे वर्णन करण्याच्या फंदात मी पडत नाही. नुसते आकडे देतो. लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून जास्त. तळाशी कोलोरॅडो नदी. वरून पाहिली तर धोतराच्या काठाएवढी दिसते. गेल्या पाच-सहा दशलक्ष वर्षांत हा सगळा खटाटोप तिनेच केला, हे पटता पटत नाही.

कड्यावर उभे राहिले की थरावर थर दिसतात, जशा जुन्या कचेरीतल्या बांधलेल्या वह्या. अगदी वरची वही २७ कोटी वर्षांची, तळाची सुमारे १७० कोटींची. मधल्या शंभर कोटींहून अधिक वर्षांची पाने एका ठिकाणी चक्क गहाळ आहेत! तेवढ्या काळातले थर पाण्याने खरवडून नेले आणि त्यांच्या जागी पुढच्या काळाचे थर बसले. हिशेबनीस म्हणून आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हे जरा लागलेच.

पण खरी गंमत पुढे आहे. तळाच्या त्या जुन्या काळ्या खडकाला भूशास्त्रज्ञ 'विष्णू शिस्ट' म्हणतात. दरीतून वर आलेल्या एका शिखराचे नाव 'विष्णू टेम्पल', दुसऱ्याचे 'शिवा टेम्पल', आणि 'ब्रह्मा टेम्पल'ही आहे. १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाचे भूशास्त्रज्ञ इथे पाहणी करीत होते. ह्या शिखरांना साधी नावे शोभणार नाहीत असे त्यांना वाटले आणि पूर्वेकडल्या देवदेवतांची नावे देण्याचा पायंडा त्यांनी पाडला. हे कळताच सौ.नी चपला काढल्या आणि विष्णूच्या शिखराला तिथूनच हात जोडले. शेजारचे एक गोरे गृहस्थ हे पाहून अदबीने दोन पावले मागे सरकले.

माझी छायाचित्रणाची पहिली फजिती इथेच झाली. भर अकराच्या उन्हात मी पाऊण रोल संपवला. फोनवर तेच दृश्य टिपणाऱ्या नातीने आपले चित्र दाखवले, तर सगळे सपाट, निळसर धुरकट. ना खोली, ना रंग. ऊन डोक्यावर असले की सावल्या पडत नाहीत, आणि सावलीवाचून दरीला खोली कुठून येणार? दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सगळ्यांना उठवले. सूर्य वर येताना एकेका थराच्या कडेवर उजेडाची रेघ उमटत गेली. त्या अर्ध्या तासात मी फक्त सहा चित्रे घेतली. ती सहाही चांगली आली.

ह्या जागेची पहिली छायाचित्रे घेणाऱ्यांची आठवण मला तिथे झाली. जॉन वेस्ली पॉवेल ह्या एका हाताच्या माणसाने (दुसरा हात लढाईत गेला होता) १८६९ साली चार होड्या आणि नऊ माणसे घेऊन ही नदी प्रथम पालथी घातली. १८७१-७२ च्या दुसऱ्या सफरीत छायाचित्रकार सोबत होते. काचेची तावदाने, रसायनांच्या बाटल्या, अंधाराचा तंबू, सगळा संसार होडीत. काचेवर ओले रसायन फासायचे आणि ते वाळण्याच्या आत चित्र घेऊन धुवायचे! हिलर्स नावाचा त्या सफरीतला एक साधा नावाडी ही विद्या पाहून पाहून शिकला आणि पुढे नामांकित छायाचित्रकार झाला. माझ्या ३६ चित्रांच्या रोलाबद्दल कुरकुर करणे मी त्या दिवसापासून सोडले.

घड्याळांचा घोटाळा

तिथून मॉन्युमेंट व्हॅली. हा नवाहो लोकांचा मुलूख. १९५८ पासून त्यांनी स्वतः राखलेले उद्यान. तांबड्या मैदानातून तीनशे-तीनशे मीटर उंचीचे सुळके उभे. जॉन फोर्ड ह्या दिग्दर्शकाने १९३९ च्या 'स्टेजकोच' पासून आपले कितीतरी चित्रपट इथे घेतले, त्यामुळे कधी न पाहिलेली ही जागा ओळखीची वाटते. वर टणक वालुकाश्म, खाली मऊ शेल. वारा-पाऊस खालचे पोखरतात, वरच्या कड्याचा आधार सुटतो आणि तो उभा चिरून कोसळतो. आधी विस्तीर्ण पठार, मग ढोकळ्याच्या वडीसारखा तुकडा, मग सुळका, आणि शेवटी माती. तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. आपल्या कोकणातल्या जांभ्याचा असतो तोच.

नवाहो माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, असे तिथे बजावून सांगतात. रास्तच आहे. आपल्या अंगणात येऊन कुणी न विचारता फोटो काढले तर आपल्याला कुठे आवडते?

दुसऱ्या दिवशी पेज गावी अँटिलोप कॅन्यन पाहण्याची वेळ ठरलेली होती. उन्हाळ्यात इथले घड्याळाचे प्रकरण विलक्षण आहे. युटा राज्यात घड्याळे एक तास पुढे करतात. ॲरिझोनात करत नाहीत. पण ॲरिझोनातल्या नवाहो मुलखात करतात! आणि नवाहो मुलखातल्याच ह्या घळीच्या सहली मात्र ॲरिझोनाच्या वेळेने निघतात. मोटारीचे घड्याळ एक सांगे, फोन दुसरे आणि माझे मनगटी घड्याळ तिसरेच, कारण ते भारताच्या वेळेवर होते. परिणामी आम्ही धापा टाकीत पूर्ण एक तास आधी पोहोचलो.

उजेडाची घळ

अँटिलोप कॅन्यनला बाहेरून पाहिले तर खडकातली एक चीर. आत गेल्यावर मात्र दोन्ही बाजूंच्या भिंती वळणे घेत, एकमेकींना चाटत वर गेलेल्या. जणू कुंभाराच्या चाकावर फिरता फिरता दगड झालेल्या. ऊन वरून थेट येत नाही. ते ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत, प्रत्येक वेळी थोडा तांबूस रंग घेत खाली उतरते. म्हणून वर पिवळे, मध्ये केशरी आणि तळाशी जांभळे. मध्यान्ही एका फटीतून उजेडाचा खांब सरळ वाळूवर उतरला तेव्हा सौ.च्या तोंडून नकळत "अगबाई!" निघाले.

पण आत ट्रायपॉड न्यायला बंदी, पिशवीही नाही. गर्दी बरीच आणि मागून सारखे "पुढे चला". अशा अंधुक उजेडात कॅमेरा हातात धरून चित्र घ्यायचे म्हणजे हात हललाच. नातीच्या फोनवर सुरेख चित्रे उमटत होती आणि मी आतल्या आत धुमसत होतो.

आमची वाटाड्या नवाहो बाई होती. तिने सांगितले, की ही घळ पुराच्या पाण्याने कोरलेली आहे आणि ते काम अजून चालू आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ह्याच घळीच्या खालच्या भागात अचानक लोंढा आला आणि ११ प्रवासी वाहून गेले. "पण त्यांना पाऊस दिसला नाही का?" नातीने विचारले. बाई म्हणाली, "त्यांच्या डोक्यावर पाऊस नव्हताच. तो कितीतरी मैल वर पडला." उघड्या खडकावर पाणी जिरत नाही, जेवढे पडते तेवढे सगळे धावत सुटते आणि ज्या चिरेत शिरते तिथे माणसाहून उंच चढते. तेव्हापासून आत लोखंडी शिड्या बसवल्या आहेत आणि ढगांवर नजर ठेवतात. जुलै ते सप्टेंबर हा तिकडचा पावसाचा हंगाम. त्याला तेही 'मान्सून'च म्हणतात.

मी हे सगळे ऐकले. नातीने ते लक्षात ठेवले. फरक एवढाच.

पाचच मिनिटे

दुसऱ्या दिवशी युटात शिरल्यावर एका आडरस्त्याला आम्ही जेवायला थांबलो. दशम्या आणि लसणाची चटणी. जवळच एक कोरडा ओढा होता आणि थोड्या अंतरावर तो खडकाच्या अरुंद चिरेत शिरत होता. मी डोकावून पाहिले, तर अँटिलोपचीच धाकटी बहीण! तिथे ना गर्दी, ना घाई, ना ट्रायपॉडला बंदी. जेवण अर्धवट टाकून, कुणाला धड न सांगता मी ट्रायपॉड घेऊन आत गेलो. दोन-तीनशे पावलांवर एक सुंदर वळण लागले. वर आभाळाची निळीभोर पट्टी. मी कॅमेरा लावला.

तेवढ्यात वरच्या कड्यावरून नातीची हाक आली. "आजोबा, लवकर बाहेर या! तिकडे लांब काळे ढग आहेत!" मी वर पाहिले. स्वच्छ ऊन. "पाचच मिनिटे, बाळ," मी ओरडलो. तिने पुन्हा हाक मारली. आता ती रडत होती. मी फोकस जुळवीत होतो.

मग पावले वाजली. चिरंजीव धावत आत आले होते. त्यांनी काही न बोलता ट्रायपॉड कॅमेऱ्यासकट उचलला आणि दुसऱ्या हाताने माझे बखोट धरले. मी रागावलो. चित्र तयार होते हो! तसे मी बोललोही. त्यावर चिरंजीव जन्मात प्रथमच माझ्यावर ओरडले, "बाबा, चला म्हणतो ना!" तो सहा वर्षांचा असताना कोकणात एका वहाळातून मी त्याला असेच ओढून काढले होते आणि वर आणल्यावर एक ठेवून दिली होती. आज बखोट माझे होते.

बाहेर येऊन कड्यावर चढलो. कोणी कोणाशी बोलेना. उत्तरेला क्षितिजावर खरोखरच काळा पडदा लोंबत होता. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली, काहीच होईना. "बघा, उगाच—" असे मी म्हणतो न म्हणतो तोच ओल्या मातीचा वास आला. मग मालगाडी यावी तसा आवाज. आणि त्या कोरड्या ओढ्यातून चहासारखे तांबडे पाणी, त्यावर फेस, काटक्या, झाडाचा एक अख्खा ओंडका, असे सगळे आमच्या डोळ्यांदेखत त्या चिरेत घुसले. मी जिथे उभा होतो ते वळण मला वरून दिसत नव्हते. ते दिसत नव्हते तेच बरे झाले.

सौ.नी माझ्याकडे पाहिले आणि नातीला जवळ घेतले. चिरंजीव बराच वेळ पाठ करून उभे होते. थोड्या वेळाने ते आले आणि कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाले, "घ्या, आता काढा." मी एक चित्र काढले.

पंढरीची दिंडी

ब्राइस कॅन्यनला संध्याकाळी पोहोचलो. समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या जवळपास उंची. जुलैतही रात्री शाल लागते. इथे केशरी दगडांचे हजारो खांब दाटीने उभे आहेत. सौ. म्हणाल्या, "अगदी दिंडी निघालीय!" इथल्या मूळच्या पायूट लोकांची कथाही तशीच आहे : ही माणसेच होती, दुष्कृत्यांमुळे त्यांचे दगड झाले. सौ.नी नातीला लगेच अहल्येची गोष्ट सांगितली. शास्त्र म्हणते, की वर्षातल्या दीड-दोनशे दिवसांत इथे रात्री पाणी गोठते आणि दिवसा वितळते. फटीतले पाणी बर्फ होताना फुगते, दगड फोडते, आणि त्यातून हे खांब घडतात. ज्याच्या नावाने ही जागा ओळखली जाते त्या ब्राइस नावाच्या वसाहतकऱ्याला मात्र एकच चिंता होती असे सांगतात : इथे गाय हरवली तर शोधायची कशी?

शेवटचा मुक्काम झायॉनचा. सहाशे मीटर उंचीच्या सरळ भिंती आणि तळाशी झाडीतून वाहणारी नदी. तिथे मी नदीकाठच्या बाकावर बसलो, आणि हवामानाचा फलक वाचल्याखेरीज पुढे पाऊल टाकले नाही.

कुणाला असा प्रवास करायचा असेल तर अनुभवाचे चार बोल. माणशी रोज चार लिटर पाणी मोटारीत ठेवा. पेट्रोल दिसेल तिथे भरा, कारण पुढचा पंप केव्हा येईल ह्याचा नेम नाही. चित्रे सकाळी आणि सायंकाळी घ्या. दुपार झोपेसाठी आहे. चित्रात एखादे माणूस उभे करा, नाहीतर तीनशे मीटरचा सुळका वारुळाएवढा दिसतो. आणि घळीत शिरण्यापूर्वी आभाळ पाहा, डोक्यावरचे नव्हे, लांबचे.

परत आल्यावर सौ.ना पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे पाहायचे आहेत. कुकडी नदीने गोटे घुसळून घुसळून कातळात कोरलेले ते रांजण इतकी वर्षे हाकेच्या अंतरावर असून आम्ही कधी पाहिले नाहीत. निघायचे ठरले आहे, पण पावसाळा सरल्यावर.

दहाही रोल धुऊन आले. ग्रँड कॅन्यनची पहाट उत्तम उतरली आहे, मॉन्युमेंट व्हॅलीही बरी आहे. लोंढ्याचे ते एक चित्र मात्र साफ बिघडले. हात इतका थरथरत होता, की तांबड्या धुरकट रेघांपलीकडे त्यात काही ओळखू येत नाही. सौ.नी ते आल्बमच्या पहिल्या पानावर लावले आहे.