पेन्सिलच्या रेषेपासून कापडाच्या छापापर्यंत

साडीच्या किंवा ड्रेस मटेरियलच्या छापाचे डिझाइन आधी कागदावर पेन्सिलने काढायचे आणि रंग संगणकावर भरायचे, ही सुरतच्या कापडधंद्यात रुळलेली पद्धत आहे. रिंग रोडच्या बाजारातले व्यापारी आणि पांडेसरा, सचिन इथल्या छापाईच्या गिरण्या यांना जोडणारा दुवा म्हणजे डिझाइन स्टुडिओ. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली असंख्य मराठी कुटुंबे राहतात आणि त्यांतल्या अनेकांचे पोट याच कापडधंद्यावर चालते. कागदावरचे चित्र स्कॅन झाल्यावर त्याची रंगापूर्वीची साफसफाई हे या साखळीतले सर्वांत कमी दिसणारे, पण सर्वांत नाजूक काम आहे.

त्याचे महत्त्व छापाईच्या यंत्रात दडलेले आहे. रोटरी स्क्रीन पद्धतीत प्रत्येक रंगासाठी निकेलचा वेगळा जाळीदार दंडगोल असतो. त्याचा घेर साधारणपणे ६४ सेंटीमीटर असल्याने नक्षी तेवढ्या अंतराने पुन्हा उमटते. फाइलमध्ये राहून गेलेला धुळीचा एक ठिपका १० हजार मीटर कापडावर सुमारे १५,६०० वेळा छापला जातो. पूर्वी प्रत्येक रंगाचे ट्रेसिंग पारदर्शक फिल्मवर गडद शाईने हाताने होई. रेष कोणती आणि डाग कोणता, हे ट्रेसिंग करणाऱ्याच्या डोळ्यांना कळे. संगणकाला ते आपणहून कळत नाही.

निम्मी साफसफाई स्कॅन करतानाच होते. काच आणि कागद पुसून घ्यावेत, खोडरबराचा भुगा झटकावा. कागद पातळ असेल किंवा मागच्या बाजूलाही चित्र असेल, तर त्यावर काळा कागद ठेवून झाकण लावावे. मागचे चित्र पुढे उमटणे कमी होते. अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेष ३०० डीपीआयला जेमतेम ६ पिक्सेल रुंद येते, ६०० डीपीआयला १२. म्हणून बारीक कामासाठी ६०० डीपीआय चांगले. स्कॅन ग्रेस्केलमध्ये घ्यावा. शुद्ध काळ्या-पांढऱ्यात घेतल्यास पेन्सिलचा हलका दाब नाहीसा होतो आणि रेषेच्या कडा दातेरी होतात. फाइल टिफमध्ये ठेवावी. जेपीईजीच्या आकुंचनामुळे रेषेभोवती करडा कचरा साचतो.

पडद्यावर आलेला कागद कधीच पुरता पांढरा नसतो. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा या मापात तो थोडा खालीच राहतो, आणि शिसे चमकत असल्याने गडद रेषही करडीच दिसते. चित्रसंपादनाच्या प्रोग्राममधल्या ‘लेव्हल्स’मध्ये पांढरे टोक कागदाच्या छटेपर्यंत आणि काळे टोक रेषेच्या छटेपर्यंत सरकवले की दोन्ही वेगळे होतात. इथे हात आवरायला हवा. कागद लख्ख करण्याच्या नादात पानाच्या टोकाकडे निमुळती होत गेलेली रेष आधी मरते, आणि बुट्टीचा डौल तर त्या निमुळतेपणातच असतो. उरलेले थोडे डाग ब्रशने पुसणे हाच बरा मार्ग. कच्च्या रेषा फिकट निळ्या पेन्सिलने काढल्या असतील, तर रंगीत स्कॅन करून त्यातला निळा चॅनेल ठेवावा. त्यात निळी रेष कागदात विरते आणि शिशाची तेवढी उरते.

साफ रेषा सर्वांत वरच्या लेयरवर ‘मल्टिप्लाय’ करून ठेवतात. त्या लेयरचा पांढरा भाग पारदर्शकासारखा वागतो आणि रंग खालच्या लेयरवर भरता येतात. कैरीच्या कडेत केसाएवढी फट राहिली तरी बादलीने ओतलेला रंग साऱ्या ग्राउंडवर पसरतो, म्हणून आकार आधी बंद करावे लागतात. रंग रेषेच्या आतल्या कडेशी न थांबवता तिच्या खाली एक-दोन पिक्सेल सरकवावा. छापताना स्क्रीन किंचित हलली तर मध्ये कोऱ्या कापडाची फट दिसत नाही. स्क्रीन छापाईत रंग मोजकेच असल्याने करड्या कडांचे काय करायचे, हेही ठरवावे लागते: पेन्सिलचा पोत हवा असेल तर ठिपक्यांच्या जाळीत, नको असेल तर सपाट आउटलाइन. डिजिटल छापाईत एवढी अडचण येत नाही.

शेवटी रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा उमटणाऱ्या नक्षीचा जोड, तपासायचा. ‘ऑफसेट’ने चित्र निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने सरकवले की कडा मधोमध येतात आणि तुटलेला वेल लगेच दिसतो. तो जुळवून घेतला की एकाच डिझाइनची वेगवेगळी मॅचिंग, म्हणजे रंगसंगती, लेयरचा रंग बदलून काढता येतात. रेषा नीट सुटी केलेली असेल तर हे काम काही मिनिटांचे. ती रंगात मिसळलेली असेल तर प्रत्येक मॅचिंगला पुन्हा तीच मेहनत.

यासाठी महागडे सॉफ्टवेअरच हवे असे नाही. क्रिटा आणि जिंप हे दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत, आणि क्रिटामध्ये तर चित्र चारही बाजूंनी जुळवून दाखवणारी सोय आहे. घरातल्या साध्या स्कॅनरवर सराव सुरू करता येतो. फक्त मूळ स्कॅनची फाइल न बदलता वेगळी ठेवावी.