'क्लासिक' आणि 'क्लासिकल'

इंग्रजीतील 'क्लासिक' आणि 'क्लासिकल' या दोन शब्दांसाठी मराठी समीक्षेने 'अभिजात' हा एकच शब्द योजला आहे. या काटकसरीची किंमत काय पडते, ते काशीतील एका उदाहरणावरून ध्यानी येईल.

एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास लिहिले व उरलेला ग्रंथ वाराणसीत शके १४९५, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये पूर्ण केला. देशी भाषेत भागवत सांगण्यास तेथील पंडितांनी हरकत घेतली, अशी कथा परंपरेने जपली आहे. इंग्रजीच्या परिभाषेत पंडितांचा पक्ष 'क्लासिकल' भाषेचा होता. नाथांच्या हातून घडत होते ते 'क्लासिक'. हेच वाक्य 'अभिजात'च्या आधारे लिहू गेल्यास वादी-प्रतिवादी एकाच बाजूला जाऊन बसतात!

'क्लासिक' हे नाम आहे, तसेच विशेषणही. नाम म्हणून ते विशिष्ट कृतीचा निर्देश करते व त्याचे अनेकवचन होते. (त्या अनेकवचनाचा अर्थ ग्रीक-लॅटिन विद्या असाही होतो, हा भाग निराळा.) विशेषण म्हणून ते श्रेष्ठत्व सांगते; सैल वापरात 'नमुनेदार' या अर्थी ते एखाद्या चुकीलाही लागते. 'क्लासिकल' हे मात्र एरवी विशेषणच. ते भाषा, कालखंड, संगीत यांची परंपरा सांगते, प्रत सांगत नाही. वेदोत्तर संस्कृतातील एखादे रद्दड नाटकही 'क्लासिकल'च. 'क्लासिक' ते नव्हे. जुन्या इंग्रजी लेखकांनी ही सीमा नेहमी पाळली असे नाही, पण आज ती पुरेशी स्पष्ट आहे.

मूळ लॅटिन शब्द वरच्या वर्गातील नागरिकाचा वाचक होता; दुसऱ्या शतकात ऑलस गेलियसने तो लेखकाला लावला. 'अभिजात' म्हणजेही कुलीन. भाषांतर मार्मिक आहे, यात शंका नाही. परंतु कुळावरून गुण ठरविण्याची खोडही त्याबरोबर आली.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस दिलेला दर्जा 'क्लासिकल' भाषेचा आहे. नाथांचे भागवत त्यापूर्वीच साडेचारशे वर्षे 'क्लासिक' होते. आणि तुलसीदासांचे रामचरितमानस, त्याच्या अवधीस असा दर्जा नसतानाही, 'क्लासिक' आहेच. हिंदी अशा भाषेस 'शास्त्रीय' म्हणते. मराठीत तो शब्द विज्ञानाकडे गेल्यामुळे ती वाट आपणांस मोकळी नाही. मग 'अभिजात' भाषेकडे व परंपरेकडे ठेवावा, आणि कृतीसाठी 'अक्षरग्रंथ' म्हणावे. 'अक्षर वाङ्मय' हा प्रयोग आपल्याकडे रुळलेला आहेच.